छप्पर वरून दिसते, गल्लीचे नाव दिसत नाही

वाचकांचे प्रश्न : भूकंप, मदतकार्य आणि नकाशे

भूकंपानंतरच्या मदतकार्यात नकाशांचा उपयोग कसा होतो आणि त्यासाठी गावपातळीवर काय करता येईल, याविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतून आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

आपल्याकडे पूर येतो, हे २०१९ साली पाहिले. पण भूकंपासाठी नकाशे करायची बेळगावला गरज काय? — निपाणी

भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक १८९३ मधल्या २०१६ सालच्या नकाशात बेळगाव तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. कोयनानगर बेळगावपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत येते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे सहाहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला होता. त्याहून बोलके उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जिथे सुमारे दहा हजार माणसे गेली, तो भाग त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा होता.

आता नकाशा आधीच का करायचा? १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचा खुला नकाशा म्हणजे चार मोठे रस्ते, बस. कंपन्यांनी उपग्रहचित्रे मोकळी केली, जगभरच्या स्वयंसेवकांनी ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भरता येणाऱ्या खुल्या नकाशावर काही दिवसांत गल्ल्या भरल्या आणि बचाव पथकांनी तोच नकाशा आपल्या जीपीएस यंत्रांत घातला. काम कौतुकाचे होते. पण ढिगाऱ्याखालच्या माणसाच्या हातात पहिले दोन-तीन दिवसच असतात, आणि त्यातले कितीतरी तास रेघा मारण्यात गेले. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळ हादरले, तेव्हा काठमांडू लिव्हिंग लॅब्ज या तिथल्याच गटाने खोऱ्यातल्या शाळा, दवाखाने, रस्ते आधीच नकाशावर आणून ठेवले होते. त्यामुळे बाहेरून मदतीला आलेले हात गोरखा, सिंधुपाल्चोकच्या डोंगरी वस्त्यांकडे वळवता आले.

शिवाय असा नकाशा भूकंपाची वाट बघत पडून राहत नाही. घटप्रभेच्या पुरात, घाटात दरड आल्यावर, रुग्णवाहिकेला पत्ता सांगताना तोच कामाला येतो.

कॉलेजची पंधरा-वीस मुले संगणकावर नकाशा भरायला तयार आहेत. सुरुवात कुठून करायची? मागे एका गटाचे काम तपासणाऱ्यांनी परत पाठवले होते. — टिळकवाडी, बेळगाव

ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमचे 'टास्किंग मॅनेजर' हे संकेतस्थळ यासाठीच आहे. आपत्तीचा किंवा धोक्याचा भाग तिथे चौकोनांत तोडून ठेवलेला असतो. ओपनस्ट्रीटमॅपचे खाते काढायचे, प्रकल्प निवडायचा, त्याच्या सूचना पूर्ण वाचायच्या (फक्त इमारती हव्यात की रस्तेही, उपग्रहचित्र कोणते वापरायचे) आणि एक चौकोन घ्यायचा. तो दोन तास तुमच्या नावाने कुलूपबंद राहतो, म्हणजे दुसरा कुणी त्याच घरांवर घरे काढत नाही. वेळ संपत आली तर झाले तेवढे साठवून, काय राहिले ते लिहून चौकोन सोडा. सोडला म्हणजे काम साठवले गेले असे मात्र नाही. ती दोन वेगळी बटणे आहेत. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा वीस-पंचवीस इमारती झाल्या की साठवत चला.

ब्राउझरमधल्या 'आयडी' या नकाशा भरायच्या साधनात ३ चा आकडा दाबला की क्षेत्र काढता येते. चार कोपरे द्या, आकार बंद करा, 'क्यू' दाबा. कोपरे काटकोनात येतात. हात बसला की एका घराला पाच-सात सेकंद लागतात.

काम परत येण्याची कारणे बहुधा ठरलेली असतात. उपग्रहाने तिरक्या कोनातून टिपले असेल तर दुमजली घर कलल्यासारखे दिसते आणि एका बाजूची भिंतही चित्रात येते. नवखा माणूस भिंतीसकट आकार काढतो. बरोबर पद्धत अशी : छपराचा आकार काढायचा आणि मग तो अख्खा उचलून घराच्या पायावर बसवायचा. दुसरे म्हणजे, दोन कंपन्यांची चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. खानापूरच्या डोंगरी भागात तर हा फरक सपाटीपेक्षा ठळक असतो. एका गावासाठी एकच चित्र ठरवा. आधीपासून असलेले गाव तुमच्या चित्राशी जुळत नाही म्हणून सरकवू नका. सरकलेले तुमचे चित्रही असू शकते.

तिसरे, जे घर नाही ते घर म्हणून काढणे. उसाच्या पट्ट्यात शेडनेट, ताडपत्रीने झाकलेली कडब्याची गंजी, तोडणीवाल्यांच्या खोपी वरून घरांसारख्याच दिसतात. खोपी चार महिन्यांनी नसतात. गुऱ्हाळाची शेड किंवा निपाणीकडची तंबाखूची वखार ही इमारत खरी, पण रात्री तिथे माणसे झोपत नाहीत. हे ठाऊक असेल तर तसा प्रकार नोंदवा, कारण पहाटेच्या भूकंपात पथक आधी कुठे पाठवायचे हे त्यावरून ठरू शकते. उलट बाजूने, जांबोटी-कणकुंबीकडे फणस-आंब्याखालचे कौलारू घर चित्रात दिसतच नाही. दुसऱ्या मोसमातले चित्र लावून पाहा. पायवाट झाडीत शिरून थांबत असेल तर तिथे बहुतेक घर असते.

आणि रस्त्यांचे जोड. दोन रेघा पडद्यावर चिकटलेल्या दिसतात, पण त्यांचा बिंदू एक नसतो. मार्ग शोधणाऱ्या ॲपला तिथे रस्ता तुटलेला वाटतो आणि ते दहा किलोमीटरचा वळसा सांगते. नीट जुळलेला बिंदू आयडीत करडा दिसतो. चौकोन सोडण्यापूर्वी प्रत्येक फाट्यावर तेवढे बघा.

आमच्या गावाची नावे तीन : मराठीतले एक, कन्नडमधले दुसरे, कागदोपत्रीचे इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. नकाशात कोणते घालायचे यावरून गटात वाद झाला. — खानापूर तालुका

तिन्ही घाला. वादाला जागाच नाही, कारण रकाने वेगळे आहेत.

या भागात नाव ही किती नाजूक गोष्ट आहे हे वेगळे सांगायला नको. पण ढिगाऱ्याजवळ उभा असलेला माणूस फोनवर त्याच्या तोंडातले नाव सांगणार आणि फोन घेणाऱ्याच्या पडद्यावर दुसरे असणार. ही दोन एकमेकांना सापडली पाहिजेत, मदतकार्याला एवढाच मुद्दा कळतो. ओपनस्ट्रीटमॅपवर 'नेम' हा मुख्य रकाना असतो. भारतात त्यात बहुतेकदा रोमन लिपीतले नाव आढळते. त्याला हात न लावता 'नेम कोलन एमआर' मध्ये मराठी नाव आणि 'नेम कोलन केएन' मध्ये कन्नड लिपीतले नाव भरा. आयडीत नावाच्या चौकटीशेजारच्या अधिकच्या खुणेवर दाबले की भाषा निवडता येते. आणखी एखादे रूढ नाव असेल तर 'ऑल्ट नेम', जुने अधिकृत नाव असेल तर 'ओल्ड नेम'. बेळगावचेच पाहा : १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी झाले. ते कन्नड रकान्यात कन्नड लिपीत, 'बेळगाव' मराठी रकान्यात आणि आधीचे रोमन स्पेलिंग जुन्या नावाच्या रकान्यात. ओपनस्ट्रीटमॅपचा शोध हे सगळे रकाने चाळतो.

एक पथ्य पाळा : रोमनवरून लिप्यंतर करून नाव बनवू नका. 'एल' वरून ल की ळ, 'एन' वरून न की ण हे कळत नाही. अशानेच अनगोळचे 'अनगोल' होते. कन्नड रकाना गावातल्या कन्नड बोलणाऱ्याकडून लिहून घ्या. ते पाच मिनिटांचे काम असते, आणि तो माणूस पुढे तपासणीलाही उपयोगी पडतो.

गल्ल्यांची अडचण निराळी. मारुती गल्ली, लक्ष्मी गल्ली नाही असे गाव या पट्ट्यात विरळाच. नुसते 'मारुती गल्लीत चार घरे पडली' असा निरोप आला तर पथक कुठे जाणार? म्हणून गल्ली नोंदवताना गावाचा बिंदू आणि गावाचे नाव आधी पक्के करा, मग गल्ली. गावाबाहेरची वाडी, मळा, धनगरवाडा यांना स्वतंत्र बिंदू द्या. यांची नावे कुठल्याच उपग्रहाला दिसत नाहीत आणि कागदावरही क्वचित असतात. ती फक्त बोलण्यात असतात. सगळ्या कामातला हा भाग बाहेरच्या कुणालाही करता येण्यासारखा नाही. मळ्याचे रूढ नाव चालेल, पण घरमालकाचे नाव, घरातली माणसे, फोन नंबर यांतले काहीही सार्वजनिक नकाशात घालायचे नाही. आणि राज्यसीमेची रेघ? तिला हात लावायचा नाही. ते या कामाचे क्षेत्र नव्हे.

नकाशात रस्ता दिसतो तिथून आमचा ट्रॅक्टरही जात नाही. हे कसे टाळायचे? — चिकोडी

चित्रावरून काढलेल्या रस्त्याची लांबी खरी असते; रुंदी आणि ताकद अंदाजाने असते. आपल्या नद्यांवर याचा ठळक नमुना म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. वरून तो पुलासारखा दिसतो, म्हणून पूल समजून काढला जातो. प्रत्यक्षात त्यावरून दुचाकी जाते, फार तर मोकळी रिक्षा, आणि पावसाळ्यात तो पाण्याखाली असतो. त्याला बंधारा म्हणूनच नोंदवा आणि वरची वाट चारचाकीला बंद दाखवा. नाहीतर मदतीचा ट्रक नदीकाठी येऊन उलटा फिरतो, आणि मागे गाड्या लागलेल्या असतील तर तोही फिरत नाही.

गल्लीसाठी सरासरी रुंदी निरुपयोगी आहे. सर्वांत अरुंद जागा मोजा. मालट्रक अडीच मीटरच्या आसपास रुंद असतो, जेसीबी थोडा कमी. सोपी युक्ती : बरोबर तीन मीटरचा बांबू घ्या, दोघांनी आडवा धरून गल्लीभर चाला. अडकला तिथे कागदावर फुली मारा आणि टेपने माप घ्या. कट्टा, पायरी, वीजखांब, पुढे आलेला सज्जा यांपैकी कशामुळे अडकला तेही लिहा. कट्टा तोडता येतो, खांब तोडता येत नाही. रेल्वेखालच्या बोगद्यांची उंची आणि ओढ्यावरच्या मोऱ्यांवर वजनाची पाटी असेल तर तो आकडा घ्या. पाटी नसेल तर आकडा बनवू नका.

दुमजली भिंती दोन्हीकडे असलेली तीन मीटरची गल्ली भूकंपात बंद होते असेच धरून चाला. तिच्या मागच्या अंगाने शिवारातून येणारी गाडीवाट आहे का, ते आत्ताच नकाशावर आणा.

व्हॉट्सॲपवर आलेले अक्षांश-रेखांश नकाशात टाकले की खूण भलतीकडेच पडते. — अथणी

तीन चुका सारख्या होतात. पहिली, आकड्यांची अदलाबदल. बेळगाव जिल्ह्याचा अक्षांश १५ किंवा १६ ने सुरू होतो, रेखांश ७४ किंवा ७५ ने. लहान आकडा आधी, हे पाठ करून ठेवा. उलटे लिहिले तर बेळगाव नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाते.

दुसरी, अंश-मिनिटे आणि दशांश यांची गल्लत. १५ अंश ५१ मिनिटे म्हणजे १५.८५, १५.५१ नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचे असते. रेखांशातही हीच चूक झाली (७४ अंश ३० मिनिटांचे ७४.३०) तर बेळगावची खूण चाळीसएक किलोमीटर नैर्ऋत्येला, खानापूरच्या जंगलात जाते. ती समुद्रात पडत नाही म्हणून लवकर ध्यानातही येत नाही. त्या दृष्टीने ही चूक पहिलीपेक्षा घातक.

तिसरी चूक खास मराठीची. फोनवर 'अठ्ठावन्न' ऐकले की आठ आधी कानावर पडतो, आणि घाईत ५८ चे ८५ लिहिले जाते. म्हणून आकडे सुटे सांगा : एक, पाच, पॉइंट, आठ, पाच, दोन, एक. ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचे. दशांशानंतर चार अंक म्हणजे ११ मीटरची अचूकता, पाच म्हणजे सुमारे एक मीटर. तीनच दिले तर ११० मीटरचा घोळ, म्हणजे अख्खी गल्ली. फोन आठ अंकही दाखवतो, पण पाचापुढचे अंक शोभेचे. संदेशात आकडे इंग्रजी अंकांतच लिहा, कारण देवनागरी अंक बऱ्याच ॲपना कळत नाहीत.

इंटरनेट बंद असताना साधा एसएमएस कधीकधी जातो; त्यात हे दोन आकडे पुरतात. फोटोतून ठिकाण पाठवायचे असेल तर व्हॉट्सॲपवर तो नेहमीसारखा पाठवू नका, आतली ठिकाणाची नोंद पुसली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती राहते. अर्थात कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद आधीच चालू असायला हवी. आणि नोंद घेण्यापूर्वी मोकळ्या जागी अर्धा-एक मिनिट थांबा. अरुंद गल्लीत, पत्र्याखाली फोन वीस-तीस मीटर सहज चुकतो.

उपग्रह आणि एआय यांनी पडलेली घरे दिवसभरात मोजता येतात असे वाचले. मग माणसांनी हिंडायचे कशाला? — गोकाक

कारण उपग्रह छप्पर बघतो आणि माणूस छपराखाली असतो. मजल्यावर मजला बसून इमारत खाली आली तर स्लॅब जागच्या जागी सपाट दिसतो. वरच्या चित्रात ती उभीच असते. तडे गेलेल्या भिंती तर दिसतच नाहीत. किल्लारीकडची घरे दगड-मातीची आणि वर मातीचे जड छप्पर अशी होती; तसे माळवद कोसळले की वरून मोकळी जमीन आणि ढिगारा यांतला फरक ओळखणे कठीण. कौलारू घराचे उलटे होते. कौले नुसती घसरली तरी वरून घर उद्ध्वस्त वाटते, आणि आत भिंती शाबूत असू शकतात. एआयला शिकवलेली चित्रे दुसऱ्या देशातल्या काँक्रीटच्या शहरांची असतील, तर आपल्या गावांत ते दोन्ही बाजूंनी चुकते.

वेळेचेही गणित आहे. मोठ्या आपत्तीत 'अवकाश आणि मोठ्या आपत्ती' या आंतरराष्ट्रीय सनदेखाली अनेक देशांच्या संस्था चित्रे देतात. इस्रो त्यात आहे. पण उपग्रह वरून जायला हवा आणि ढग नकोत. जमीन किती सरकली हे रडार ढगांतूनही टिपते, मात्र ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार हा रडार-उपग्रहसुद्धा त्याच जागेवर त्याच मार्गाने १२ दिवसांनी परततो. कुठला पट्टा जास्त हादरला हे सांगायला ही साधने उत्तम आहेत. कुठल्या घरात शिरायचे हे त्यांना विचारू नका.

जमिनीवरच्या पाहणीसाठी 'ओडीके कलेक्ट' किंवा 'कोबो' हे ॲप वापरा. नेटवर्कशिवाय अर्ज भरता येतो, रेंज आली की पाठवता येतो. अर्ज छोटा ठेवा : ठिकाण, एक फोटो, मजले, भिंत कशाची, आणि अवस्था. अवस्थेच्या शास्त्रीय पायऱ्या पाच आहेत, पण त्या अभियंत्यांसाठी. स्वयंसेवकाला तीन पुरेत : उभे, तडे गेलेले, पडलेले. 'राहायला सुरक्षित' हा शेरा स्वयंसेवकाने कधीही द्यायचा नाही. पाहणी बाहेरूनच, इमारतीच्या उंचीच्या दीडपट अंतरावरून. मागून येणारे धक्के अर्ज भरून होईपर्यंत थांबत नाहीत.

लग्नात शूटिंग करणाऱ्या मुलांकडे ड्रोन आहेत. चालतील का? — हुक्केरी

चित्रे घ्यायला चालतील, पण जिथे मुभा आहे तिथेच. 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात हिरव्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंत मुभा असते. बेळगाव शहराभोवती सांबऱ्याचा विमानतळ आणि लष्करी भाग आहेत; तिथे स्वतःच्या मनाने उडवायचे नाही. नकाशासाठी व्हिडिओ नको, सरळ खाली बघणारे फोटो हवेत. पुढच्या-मागच्या फोटोंत पाऊण भाग सामाईक, शेजारच्या ओळींत दोन तृतीयांश. याहून कमी ठेवले तर जोडताना नकाशात भोके पडतात. मदतीची हेलिकॉप्टर आली की ड्रोन खाली.

आमच्याकडे एरवीही रेंज नसते. भूकंपात तर टॉवरच बंद पडतील. मग हे सगळे कशाला? — जांबोटी परिसर

म्हणूनच फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवायचा. 'ऑस्मअँड' किंवा 'ऑर्गेनिक मॅप्स' ही ॲप नेटवर्कशिवाय चालतात. उपग्रहाचे संकेत पकडायला टॉवर लागत नाही. आपल्या भागात मात्र हमखास एक चूक होते : लोक फक्त कर्नाटकाचा नकाशा उतरवतात. मग चंदगडचा किंवा चोर्ल्याचा रस्ता सीमेवर येऊन कापल्यासारखा संपतो, आणि कदाचित मदत तिकडूनच येणार असते. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा असे तिन्ही उतरवा. दर दोन-तीन महिन्यांनी अद्ययावत करा, नाहीतर मुलांनी भरलेली नावे फोनमध्ये येणारच नाहीत.

आणि कागद ठेवा. गावठाणासाठी १ : ५००० हे प्रमाण चांगले : एक सेंटिमीटर म्हणजे ५० मीटर, ए३ कागदावर साधारण दोन बाय दीड किलोमीटर बसते. छापताना 'पानाला बसवा' हा पर्याय बंद करा, तो प्रमाण बिघडवतो. नकाशावर दहा सेंटिमीटरची रेघ काढून ठेवा आणि छापून झाल्यावर पट्टीने मोजा. लॅमिनेट करण्याआधी कोपऱ्यात तारीख, उत्तर दिशा आणि चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश हवेत. तारीख नसली की जुना नकाशा नव्याच्या नावावर खपतो. हेलिकॉप्टर उतरेल असे मैदान, विहिरी, बोअर, दवाखाना, पर्यायी गाडीवाट एवढे ठळक दाखवा. बाकी गर्दी नको. वर लिहायला मार्कर पेन सोबत बांधून ठेवा.

तीन प्रती काढा. एक पंचायतीत, एक शाळेत. पण धक्क्यात या दोन्ही इमारती पडू शकतात किंवा किल्ली असलेला माणूस सापडत नाही, म्हणून तिसरी प्रत इमारतीत ठेवायचीच नाही. शाळेच्या बसच्या कप्प्यात किंवा ट्रॅक्टरच्या सीटखाली, प्लॅस्टिकच्या नळीत गुंडाळून ठेवा.